शनी सोडून कुणालाच कडी नाहीत

नव्वदच्या दशकाच्या शेवटी बेंगळुरूतल्या आमच्या शाळेत इंटरनेट आलं आणि बघता बघता त्याचा देव झाला. चपला खोलीबाहेर. आयुधपूजेला मॉनिटरला हळदकुंकू. आम्हा शिक्षकांना हात लावायची बंदी. प्रश्न रजिस्टरात लिहायचा, मुख्याध्यापिकाबाईंनी सही करायची, मग कॉम्प्युटरचे सर सवडीने उत्तर छापून देणार.

विज्ञानाच्या अक्का, शाळेतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाई, या देवाला नाक मुरडायच्या. त्यांची तीस वर्षं स्वतःच्या कॉलेजातल्या वहीवर निभावली होती. त्या वहीत शनी सोडून कुठल्याच ग्रहाला कडी नव्हती. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चाचणीत कडी असलेले चार ग्रह लिहिले. अक्कांनी मार्क कापला. मुलगी हट्टी. इंदिरानगरच्या सायबर कॅफेतून कागद छापून आणला आणि वर्गशिक्षिका म्हणून माझ्या हातात दिला. मी तो अक्कांपुढे ठेवला.

"कॅफेत कोण पण काय पण लिहितंय," अक्का कडाडल्या. "आपल्या शाळेचं इंटरनेट काय म्हणतंय, ते स्वल्प बघ की गं."

म्हणजे कॅफेतलं इंटरनेट खरकटं आणि शाळेतलं सोवळ्यातलं! स्टाफरूममध्ये कुणालाच यात काही वावगं वाटलं नाही.

मी मुकाट्याने रजिस्टरात प्रश्न लिहिला. तीन दिवसांनी उत्तर आलं. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. मुलीचं बरोबर होतं. पण मी नोकरीत नवी, अजून कायम व्हायची होते, आणि माझ्याबद्दलचा शेरा अक्काच लिहिणार होत्या. रजिस्टर आणि सहीची मनसोक्त टिंगल करणारी मी, आता तोच कागद घेऊन पाय ओढत स्टाफरूममध्ये गेले.

अक्का टेबलाशी डबा खात होत्या. चष्मा पर्समध्ये. मुलगी दाराशी उभी.

"काय म्हणतंय?"

"तुमचंच बरोबर, अक्का," मी म्हणाले आणि कागद छातीशी धरला. अक्कांनी समाधानाने चित्रान्नाचा पुढचा घास घेतला.

अक्कांना दिसू नये एवढीच काळजी मी घेतली होती. मागे वळताना कागद छातीपासून खाली आला आणि छापलेली बाजू मुलीच्या डोळ्यांसमोर आली. तिने चारही नावं सावकाश वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"सरी, मिस," म्हणजे ठीक आहे, एवढंच ती कन्नडमध्ये म्हणाली आणि वर्गात गेली.

मी कायम झाले. त्या मुलीने वर्षभर मला एकही प्रश्न विचारला नाही.