पट्टी शंभरावर

शहाद्याच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक असलेले उमाकांत प्रकाशा या गावी राहतात आणि रोज दुचाकीने ये-जा करतात. पान नाही, पत्ते नाहीत, बाहेरचं काही नाही. त्यांची आई दगूबाई गल्लीत अभिमानाने सांगते की, आपल्या मुलाला कसलंच व्यसन नाही. त्यांची बायको चेतना यावर काही बोलत नाही, कारण लिनक्सला व्यसन म्हणायचं की नाही, हे गल्लीत अजून ठरलेलं नाही.

लॅपटॉप खरं तर चेतनाचा, तिच्या भावाने दिलेला. दुकानदाराने त्यात चोरीचं विंडोज घालून दिलं होतं. उमाकांतना ते खपलं नाही. "आपल्या घरात चोरीचा माल नको," असं म्हणून ते कार्यालयाच्या प्रिंटरवर, कार्यालयाच्याच कागदावर छापून आणलेली, विंडोजऐवजी फुकट आणि राजरोस घालता येणाऱ्या लिनक्सची साठ पानांची माहिती उघडून बसले.

लिनक्स बसलं आणि पहिल्याच दिवशी नीट चाललं. हे फार सोपं झालं म्हणून उमाकांतनी पडद्याच्या तळाची पट्टी काढून टाकली. तिच्याबरोबर घड्याळ गेलं, बॅटरी गेली आणि आवाज कमी-जास्त करायचं कर्ण्याचं चिन्हही गेलं. सगळं आता कीबोर्डवरून व्हायचं होतं. फक्त आवाजाच्या की चालत नव्हत्या. आवाज वीस टक्क्यांवर अडकला, त्याला तीन आठवडे झाले.

एवढ्यात नाशिकच्या एका ऑनलाइन शिकवणी संस्थेने चेतनाला मुलाखतीला बोलावलं. आठवी ते दहावीचं गणित. रविवारी सकाळी अकरा वाजता, आणि पडद्यावर लिहून दाखवायचं असल्यामुळे लॅपटॉपवरूनच. बी.एड. होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तिच्या नावाने आलेलं हे पहिलंच बोलावणं होतं.

"मला फक्त आवाज पाहिजे," ती शनिवारी म्हणाली. "ते चिन्ह परत आणा. मी माउसने वाढवीन."

"ती पळवाट झाली. की दिली आहे, तर आवाज कीनेच वाढला पाहिजे."

दगूबाई शेंगा फोडत बसली होती. "तुन्हा बाप रेडिओना कान फिरावे, आवाज वाढे," ती मुलाला म्हणाली. "हाई काय नवं शे?"

संध्याकाळी उमाकांतनी दोघींना हाक मारून समोर उभं केलं आणि की दाबली. पडद्यावर हिरवी पट्टी उगवली. तीस, पंचावन्न, ऐंशी, शंभर.

"झालं," ते म्हणाले.

"पट्टी वाढली. आवाज कुठंय?"

"शंभर टक्के आहे. दिसतंय ना?"

वीस वर्षं उमाकांत दरमहा गावोगावच्या बांधकामांच्या प्रगतीचा तक्ता वर पाठवत आले होते. रकान्यात शंभर लिहिलं की शौचालय पूर्ण. भिंत उभी आहे का, असं वरून कधी कुणी विचारलं नव्हतं. आता बायको विचारत होती, याचं त्यांना वाईट वाटलं. झालं होतं असं, की त्यांच्या आज्ञेने टीव्ही जोडायच्या भोकाचा आवाज शंभरावर गेला होता. त्या भोकाला टीव्ही जोडलेला नव्हता.

"आवाजना पत्ता नही," दगूबाई म्हणाली, "आनि ती पट्टी काय चाटनी शे का?"

रविवारी अकरा वाजता पडद्यावर एक बाई आणि एक गृहस्थ ओठ हलवू लागले. दगूबाईने आपण होऊन पंखा बंद केला. चेतनाने कान लॅपटॉपला लावला, तेव्हा तिला "त्रिकोण" एवढंच ऐकू आलं. टेबलाशेजारी गुडघ्यांवर बसलेले उमाकांत बाजूने हात घालून की दाबत होते.

"दीडशे," ते कुजबुजले.

चेतनाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "मला तुमचं ऐकू येत नाहीये," ती पडद्याला म्हणाली. "दुपारी पुन्हा वेळ मिळेल का?"

पलीकडून लिहून उत्तर आलं, की तीन वाजता, पण ही शेवटची संधी. चेतनाने झाकण बंद केलं. उमाकांतनी बोट वेळेवर काढून घेतलं.

समोर रंजनाबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं. त्यांच्या मुलीकडे, रुपाकडे लॅपटॉप होता, आणि त्यात त्याच दुकानदाराने घातलेलं तेच विंडोज. पावणेतीनला चेतना पदर खोचून निघाली.

"चोरीचा माल आहे तो," उमाकांत दारातून म्हणाले.

"मग पोलिसांत द्या," ती रस्ता ओलांडता ओलांडता म्हणाली.

तिची निवड झाली. आता रोज चार ते सात ती रंजनाबाईंच्या मागच्या खोलीत बसून शिकवते. इकडे चौथ्या दिवशी उमाकांतना आपली चूक सापडली. त्यांनी इंटरनेटवर त्या चुकीबद्दल सविस्तर टिपण लिहिलं. ब्राझीलच्या एका माणसाने त्यांचे मनापासून आभार मानले. ही बातमी घेऊन ते शनिवारी साडेपाचला समोर गेले.

आतून चेतनाचा आणि पोरांचा आवाज रस्त्यापर्यंत स्वच्छ येत होता. रंजनाबाईंनी मशीनवरचा पाय थांबवला नाही.

"दोन्ही की चालतात," उमाकांत म्हणाले. "आता आवाज खरंच वाढतो."

"वाढस ना? चांगलं शे. ती सात वाजाले मोकळी व्हई, भाऊ. घर जाईसन चहा ठी द्या. थकीसन ई ती."

उमाकांत पायरीवर थोडा वेळ थांबले. ती चहात साखर किती घेते, हे त्यांना तिला विचारायचं होतं. पण आत वर्ग चालू होता.