मास्तरांनी बायकोला सायकल शिकवली

बायकोला सायकल शिकवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. आम्ही भांडगावकडं राहायचो. मी प्राथमिक शाळेत मास्तर. शालनला पलीकडच्या वाडीवर बालवाडीत नोकरी लागली. तिकडं एसटी जात नव्हती, आणि सोमवारी सकाळी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. म्हणून दौंडच्या मेव्हणीची लेडीज सायकल आणली.

शिकवण्याचा मला सरकारी दाखला होता. (शिकवता येतं की नाही, हे त्यात लिहिलेलं नव्हतं!) पहिला दिवस मी 'तोल' या विषयावर बोललो. ओट्यावर खडूनं चाकं काढली, बाण काढले.

"अहो, सायकलवर कवा बसायचं?"

"आधी समजून घे!"

"मला वाडीवर जायचंय, परीक्षेला न्हाई!"

दुसऱ्या दिवशी ती बसली. मी कॅरिअर धरून मागून ओरडत होतो, "पुढं बघ! हँडल सरळ! पॅडल मार! ब्रेक! अगं, ब्रेक कशाला दाबलास?" तिनं सगळेच हुकूम एकदम पाळायचा प्रयत्न केला आणि थेट बिरूआप्पांच्या मेंढरांत घुसली. मेंढरं उधळली ती शेजाऱ्यांच्या कांद्यात!

"मास्तर!" बिरूआप्पा काठी आपटत गरजले. "बाईला शिकवताय का माझी मेंढरं हाकलताय?"

"तिचं लक्षच नाही!"

"लक्ष कुठनं राहील? तुमचं तोंड मिटतंय कवा?" शालन कोपर चोळत कडाडली.

माझं डोकंच फिरलं. "सरक! नीट बघ!" म्हणत मी सायकलवर टांग टाकली. "नजर कायम पुढं ठेवायची!" हे मी मागं वळून सांगत होतो. त्यामुळं समोरचा उकिरडा फक्त शालनला दिसला. (तिनं सांगितलं नाही. शिकत होती!)

शेणानं माखलेला मी उठेपर्यंत माझी आई ओसरीवरनं तरातरा उतरली. जन्मात ती सायकलला शिवली नव्हती. पदर खोचून तिनं कॅरिअर धरलं.

"बस गं शालन. पडलीस तर मी हाय."

एवढंच! टाचण नाही, खडू नाही. सून पडली की आई उचलायची, "लागलं का? बस." शनिवार-रविवार दोघी रस्त्यावर. मला जवळ फिरकायचीही बंदी! मी ओट्यावर बसून दात खात होतो.

सोमवारी शालन धुरळा उडवत वाडीकडं निघाली. मी मागं धावलो, "हँडल सरळ!"

आईनं दंड धरून मला मागं ओढलं. "गप ऱ्हा रं!"

"आई, ट्रेनिंग मी घेतलंय!" मी भर रस्त्यात थयथयाट केला. "तुला शिकवण्यातलं काय कळतं? दर वर्षी माझ्या हाताखालनं वर्गच्या वर्ग पास होऊन जातो!"

आईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग पोरंच लई हुशार असत्याल."