सहाचे चार झाले तेव्हा

सकाळी साडेसातला शैलाताईंच्या थोरल्या भावाचा, हरेश्वरदादांचा फोन आला. ते कधी फोन करत नाहीत. नंबर माझ्याकडे होता तो केवळ अडीअडचणीला असावा म्हणून शैलाताईंनी देऊन ठेवलेला. मी फोन उचलला, तर पलीकडून नुसता कोंबड्याचा आवाज... मग दादा म्हणाले, "सावंत, आमची शैला गेली." मी विचारलं, कुठे गेल्या? खरंच असं विचारलं मी. आदल्या दिवशी दुपारी आम्ही बोललो होतो, कुठल्याशा पंख्याच्या कनेक्टरवरून त्यांनी माझी चेष्टा केली होती. रात्री जेवून पायरीवर बसल्या, छातीत कळ आली, गाडी येईपर्यंत संपलं होतं. वय अठ्ठावन्न.

आता दीड महिना होत आला. त्यांच्यावर लिहायला बसलो की पहिल्यांदा त्यांचं कौतुकच सुचतं, आणि कौतुक सोपं आहे. सातिवलीच्या औद्योगिक पट्ट्यात बाईमाणसाने गाळा घेऊन सर्व्हर दुरुस्त करायचे, हे वीस वर्षांपूर्वी लोकांना पटत नव्हतं. ट्रक ड्रायव्हर त्यांना "साहब कहाँ हैं?" विचारत, आणि त्या स्क्रूड्रायव्हर न ठेवता "साहब यहीं है" म्हणत. हे सगळं श्रद्धांजलीच्या सभेत सांगून झालं. जे सांगितलं नाही ते इथे लिहितो आहे.

मी वसईतल्या एका इस्पितळात कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एके दुपारी डायलिसिसच्या एका आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट स्क्रीनवर आला : पोटॅशियम ४.२. म्हणजे उत्तम. पण तिथल्या सिस्टरला आजोबांची नाडी मंद वाटत होती, ते नीट बोलत नव्हते. त्या बाईंनी स्क्रीनवर विश्वास न ठेवता प्रयोगशाळेत जाऊन तपासयंत्रातून निघालेली मूळ चिठ्ठी मागितली. चिठ्ठीवर ६.२ होतं. इतक्या पोटॅशियमने हृदय थांबू शकतं. धावपळ झाली, आजोबा वाचले. आणि मग सगळं इस्पितळ ही चूक कुणाची, याच्या मागे लागलं.

ती चूक रेश्माची, असं तासाभरात ठरूनही गेलं. रेश्मा नालासोपाऱ्याची, प्रयोगशाळेत चार वर्षं काम करणारी मुलगी. त्या दिवशी तपासयंत्र आणि सर्व्हर यांची जोडणी बंद होती, म्हणून तिने आकडे हाताने टाइप केले होते. "मी सहाच टाइप केलं, सर. मी परत वाचून बघते नेहमी," ती पुन्हा पुन्हा सांगत होती. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला विचारलं, "सर्व्हर तपासलास?" मी तपासला होता. सर्व्हरमध्येच एक छोटी चाचणी असते. मेमरी, डिस्क, नेटवर्क कार्ड, पंखे, सगळ्यांना पाच मिनिटांत हात लावून येते. सगळ्यांपुढे हिरवी खूण. मी म्हणालो, "सर्व्हर ठीक आहे." तेवढ्या शब्दांवर रेश्माचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत तिने चूक कबूल करून राजीनामा द्यायचा, नाहीतर तक्रार पुढे जाईल.

सर्व्हरची देखभाल शैलाताईंकडे होती. नियम म्हणून मी त्यांना कळवलं, तर त्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच हजर. मला वाटलं सर्व्हररूममध्ये जातील. त्या आधी प्रयोगशाळेत रेश्मासमोर जाऊन बसल्या.

"कुठल्या कीबोर्डवर टाइप केलंस? आकडे बाजूचे की वरचे?"

"बाजूचे, मॅडम."

शैलाताईंनी कीबोर्ड पुढे ओढला. "सहाच्या शेजारी काय आहे बघ. पाच. वर नऊ, खाली तीन. बोट घसरलं तर यातलं काहीतरी लागेल. चार तर दोन घरं लांब आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सावंत, गेल्या पंधरा दिवसांच्या चिठ्ठ्या काढा. एकूण एक."

आम्ही तिघं चिठ्ठ्या आणि स्क्रीन ताडून पाहू लागलो. शेकडो आकडे जुळत गेले. साडेअकराच्या सुमाराला रेश्माने एक चिठ्ठी पुढे सरकवली. चिठ्ठीवर सात, स्क्रीनवर पाच. थोड्या वेळाने आणखी एक सापडली. तिथे तीनचा एक झाला होता. आणि ही शेवटची नोंद रेश्माच्या सुट्टीच्या दिवसाची होती, तीही यंत्राकडून थेट आलेली. कुणाचं बोट लागलंच नव्हतं.

"प्रत्येक वेळी बरोबर दोनाने कमी," शैलाताई म्हणाल्या. मशीनच्या आत आकडा म्हणजे बारीक बटणांची एक रांग असते, काही चालू, काही बंद, हे त्यांनी रेश्माला कागदावर काढून दाखवलं. सहा आणि चार यांत फरक फक्त एका बटणाचा. सात-पाच आणि तीन-एक यांतही त्याच बटणाचा. "मेमरीत एका जागी ते बटण चालू राहत नाहीये. पण हे मला वाटतंय. वाटणं डॉक्टरांना चालणार नाही."

मोठ्या सर्व्हरमध्ये असली चूक पकडायची जादा सोय असते. आमच्या जुन्या यंत्रात ती नव्हती. आता एकच मार्ग होता : सर्व्हर बंद करायचा आणि मेमरीची पूर्ण चाचणी लावायची. प्रत्येक घरात आकडा लिहायचा, परत वाचायचा, उलटा लिहायचा, परत वाचायचा... एक फेरी पूर्ण व्हायला तास-सव्वा तास. डॉक्टर भडकले. इस्पितळ भरलेलं, सर्व्हर बंद म्हणजे रिपोर्ट हाताने लिहायचे. "किती वेळ?" त्यांनी विचारलं. शैलाताई म्हणाल्या, "सापडेपर्यंत." शेवटी पाच वाजेपर्यंतची मुदत मिळाली. पाचला काहीही होवो, सर्व्हर चालू.

बाराला चाचणी सुरू झाली. पहिल्या फेरीत चुका शून्य. दुसरीतही शून्य. खालच्या मजल्यावर वॉर्डबॉय कागद घेऊन जिने चढत-उतरत होते, प्रत्येक विभागातून मला फोन येत होते आणि प्रत्येकाला मी "होईल, होईल" सांगत होतो. रेश्मा दाराबाहेर बाकावर बसलेली. राजीनाम्याचा कोरा कागद तिच्याकडे कुणीतरी आधीच देऊन ठेवला होता. अडीच वाजून गेले. डॉक्टर एकदा दारात येऊन पडद्यावरचं शून्य वाचून, घड्याळाकडे बघून परत गेले, ते मला ओरडण्यापेक्षा वाईट वाटलं.

शैलाताईंचे वडील आगाशीजवळ पानवेलीची वाडी करत. पानावर डाग वरून दिसेपर्यंत वेल गेलेली असते, म्हणून लहानपणी ते पोरांना प्रत्येक पान उलटं करून बघायला लावत, आणि ते बघतानाही घाईघाईने बघितलं की पाठीत धपाटा. हे त्यांनी मला नंतर कधीतरी सांगितलं. त्या दिवशी मात्र त्या नुसत्या पडद्याकडे बघत बसल्या होत्या, आणि मग एकदम म्हणाल्या, "त्या तीन दिवशी इथला एसी चालू होता का?"

मी रजिस्टर पाहिलं. तिन्ही दिवशी एसी दुपारी बंद पडला होता. तक्रारी मीच नोंदवल्या होत्या.

"बंद करा एसी. दारही लावा."

"शैलाताई, सगळं मशीन जळालं तर?"

"तापमान समोर दिसतंय. हद्दीच्या आत असेपर्यंत मी बसणार. तुम्हाला बाहेर जायचं तर जा."

मी गेलो नाही. खोली तापू लागली. पंख्यांचा आवाज चढत चढत शिट्टीसारखा झाला. पडद्यावरचा तापमानाचा आकडा एकेकाने वाढत होता, शैलाताईंच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत आला तरी त्यांनी पुसला नाही. त्यांचं बोट बंद करायच्या बटणावर टेकलेलं होतं. पावणेचार... चार... चौथी फेरी अर्ध्यावर आली आणि पडद्यावर लाल ओळ उमटली. मग तिच्याखाली दुसरी. मग तिसरी. मेमरीतली जागा तीच, बटण तेच.

त्यांनी दार उघडलं, बाहेर बाकाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरी, तो कागद फाड." रेश्मा रडायला लागली. फाडला मात्र तिने नाही. घडी घालून पर्समध्ये ठेवला.

इथपर्यंतची गोष्ट मी सगळीकडे सांगत आलो आहे. पुढची अशी.

या घटनेच्या तीन महिने आधी शैलाताईंनी हाच सर्व्हर तपासला होता. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, मेमरी जुनी झाली आहे, एक रात्र पूर्ण चाचणी लावू. मी त्यांना म्हणालो होतो, "शैलाताई, छोटी चाचणी पुरे. अर्ध्या तासात मशीन द्या, वरून फोन येतायत." त्यांनी दोनदा विचारलं होतं. दोनदा मी नाही म्हटलं होतं. छोट्या चाचणीत सगळं हिरवं आलं आणि त्यांनी सही केली.

त्या दिवशी पाच वाजता डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी आपला अहवाल ठेवला. शेवटच्या ओळी मला पाठ आहेत : "तीन महिन्यांपूर्वी ही मेमरी मी तपासली होती. पूर्ण चाचणी केली नाही. ती करायला हवी होती. जबाबदारी माझी." डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे तुमच्या हलगर्जीपणामुळे माझा पेशंट जाणार होता," ते म्हणाले. शैलाताई म्हणाल्या, "हो."

मी त्यांच्या शेजारीच, एका हाताच्या अंतरावर उभा होतो. डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "सावंत, नवीन माणूस शोध देखभालीला." मी म्हणालो, "हो सर."

त्या आपली बॅग आवरून गेल्या. आठवडाभराने मी सातिवलीला त्यांच्या गाळ्यावर गेलो, कबूल करायचं ठरवूनच. त्यांनी चहा मागवला. मी हवापाण्याचं बोललो, नवीन डिस्कचं बोललो. नंतरही जात राहिलो, दर पंधरा दिवसांनी, अडलेली कामं विचारायला. त्यांनी एकदाही आडपडदा ठेवला नाही, सगळं शिकवलं. एकदा माझं बोलणं मध्येच अडलं तेव्हा हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "सावंत, बोलायचं असेल तर बोला. नाहीतर चहा प्या, निवतोय." मी चहा प्यायलो...

त्या गेल्या त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. "आता सांगून काय करू मी याचं?" ते म्हणाले. रेश्मालाही सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं, सर. तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे बघत नव्हता." आणि पुढचा नमुना लावायला वळली.

शनिवारी, म्हणजे शैलाताई जाऊन पाच दिवस झाले तेव्हा, हरेश्वरदादांचा पुन्हा फोन आला. गाळ्याचं कुलूप उघडून आत गेले होते. "आत कायतरी चालूय. पंख्याचा आवाज येतो. मला कळत नाय त्यातलं कायपन. बटन बंद करू?"

"हात लावू नका," मी ओरडलोच, "मी येतो."

टेबलावर एक सर्व्हर उघडा पडला होता आणि पूर्ण चाचणी चालू होती. सोमवारी दुपारी त्यांनी लावलेली. पाच दिवसांत सातिवलीत वीज गेली नाही, हेही नवलच. फेरी एकोणसाठावी. चुका : एक. मी नोंद उघडून बघितली. बाविसाव्या फेरीत, बुधवारी सकाळी. मंगळवारी आम्ही त्यांना पोचवून आलो होतो. यंत्राला चिकटवलेल्या कागदावर एका शाळेचा नंबर आणि त्यांच्या ठसठशीत अक्षरात : "वरवर ठीक. खात्री नाही. देऊ नये."

मी शाळेत फोन लावला. मुख्याध्यापक वैतागलेले होते. मॅडम गेल्याचं ऐकून हळहळले, मग म्हणाले, "पण आमचे निकाल अडलेत हो. मशीन सुरू होत असेल तर आज घेऊन जातो."

"आज नाही देता येणार. एक चूक सापडली आहे."

"एकच ना?"

"हो," मी म्हणालो. "एकच. म्हणूनच."

दादा गाळ्यात मधोमध उभे होते, कशाला हात लावावा न कळून. "बसा ना," ते म्हणाले, "ती तिथंच बसायची." शैलाताईंची खुर्ची नेहमी दाराकडे पाठ करून असायची. आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरची घाई दिसायला नको, म्हणून. गेली दोन वर्षं मी दाराकडच्या बाजूला, त्यांच्या पाठीमागे, स्टुलावर बसत आलो होतो. मी जाऊन त्या खुर्चीवर बसलो. बाहेर टेम्पो मागे घेताना कुणीतरी मला हाक मारली, बहुतेक माझी गाडी आडवी लागली होती. मी मागे वळलो नाही. साठावी फेरी सुरू होत होती.