चाळीसवरची टॅक्सी

लाखनीहून भंडाऱ्याला जायचं तर मी आमच्या गावातल्या एका टॅक्सीवाल्याच्याच गाडीने जायचो. गाडी त्याच्या बायकोच्या माहेराहून आलेली, त्यामुळे बायको प्रत्येक फेरीला पुढच्या सीटवर बसलेली असायची.

परदेशी गाड्या ठरवलेला वेग आपोआप राखतात, हे तो नागपूरला ऐकून आला होता. तेव्हापासून नवा प्रवासी दिसला की सुरू व्हायचा. "चाक किती जोरानं फिरून राहिलं, ते बिजलीच्या डब्याले समजते जी. वेग कमी झाला का डबा तार ओढून पेट्रोल वाढवते, जास्त झाला का तार ढिली सोडते. अन् ब्रेकवर पाय पडला का चुप." मग बायकोकडे हनुवटी करून म्हणायचा, "माह्या गाडीत हे पहिल्यापासूनच आहे."

आणि होतंच. काटा चाळीसच्या वर गेला की ती खाकरायची. पुलाच्या चढावर गाडी मंदावली की "दाबा" म्हणायची. त्याने ब्रेक मारला की मात्र अवाक्षर काढायची नाही.

एकदा भर उन्हात तिला डुलकी लागली. त्याने गाडी हळूच चिंचेखाली नेऊन उभी केली. माझी कोर्टात तारीख होती.

"अहो, चला ना. रस्ता मोकळा आहे," मी म्हटलं.

"कसा चालू? डबा बंद आहे," तो कुजबुजला.

"मग उठवा त्यांना."

"तुमी उठवा जी."

मी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चपला काढून सीटवर मांडी घालून बसलो.