न बांधलेलं वर्कशॉप

माझ्या नवऱ्याची सगळी नोकरी धुळ्याच्या बस डेपोत इंजिनं खोलण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही साक्रीकडच्या आमच्या गावी परतलो. घरामागे मोकळी जागा होती. तिथे नांगर, फवारणीचे पंप, ठिबकच्या नळ्या ठेवायला एक बंद खोली आणि तिला लागून स्वतःचं वर्कशॉप बांधायचं त्यांनी ठरवलं. गावात काहीही बिघडलं की साक्री गाठावी लागायची. ती खेप त्यांना वाचवायची होती.

ते चौकटीच्या वहीत नकाशे काढत बसायचे. खोलीचा नकाशा एका बैठकीत झाला. वर्कशॉपच्या नकाशात मात्र दर दोन दिवसांनी एक खिडकी वाढायची.

“तुम्हले इतल्या खिडक्या कसाले लागतस? बठ्ठी धूळ येई,” मी वैतागून म्हटलं.

“कामनी जागा शे. उजेड पाहिजे.”

मला तो हट्ट वाटला. मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

आखणीच्या दिवशी टेपचं एक टोक माझ्या हातात होतं. ते खुंट्या ठोकत, चुन्याची फक्की टाकत पुढे जात होते. वळले, आणि आत्ताच स्वतः ठोकलेल्या खुंटीला अडखळून पडले. उठले, चार पावलं चालले आणि दुसऱ्या खुंटीवर आदळले. मग तिथेच मातीत बसले.

“डावीकडलं दिसत नही माले.”

कधीपासून, मी विचारलं.

“वरीस व्हई गयं.”

धुळ्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे होते. घरी आल्यावर मी रागानेच विचारलं, मला का नाही सांगितलंत?

“तुले सांगं अस्तं तं तू बांधू दिधं नस्तं.”

ते खरं होतं.

खोली तेवढी बांधून झाली. गवंड्याने वर्कशॉपच्या पायाचं विचारलं, तर ते म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे.” पान्यांची पेटीही त्यांनी अवजारांमागे सरकवली.

मागच्या महिन्यात शेजारचे आबा बंद पडलेला फवारणीचा पंप घेऊन आले. ह्यांनी दोरी ओढली, कान देऊन ऐकलं, काय बिघडलंय तेही अचूक सांगितलं. आबा पंप खाली ठेवायला लागले, तसं हे म्हणाले, “आबा, साक्रीले लई जा.”

आबा पंप पुन्हा खांद्यावर टाकून निघाले. हे दाराशी उभे राहिले. मी चहा घेऊन गेले, तर म्हणाले, नको.