चौकटीत आलेला हात

काल कपाट आवरताना जुना अल्बम उघडला आणि दमट कागदाचा वास नाकात गेला. मधल्या पानावर तारकर्लीचं आभाळ, त्यात हवाई दलाची कसरती करणारी चार विमानं, आणि त्यांच्या शेजारी आयेचा हात.

तेव्हा मी नवा कॅमेरा डोळ्याला लावून किनाऱ्यावर उभा होतो. मला आभाळात काहीच सापडत नव्हतं. आये मात्र जन्मभर बाबांची होडी लांबून ओळखत आलेली. तिला विमानं आवाजाच्या आधी दिसली.

"थंय बघ रे, देवबागसून इली!" म्हणत तिनं देवबागच्या दिशेनं हात लांब केला, तो नेमका चौकटीत.

"हात काढ गो आये! फोटो बिघाडलो माझो," मी सगळ्यांदेखत खेकसलो.

तिनं हात पदराखाली घेतला. नंतर विमानं कितीदा तरी आली, डोक्यावरून गेली. तिनं पुन्हा एकदाही हात वर केला नाही.

हा फोटो मी टाकून देणार होतो. अल्बमात तिनंच लावला. आता आये नाही. मी पुढची पानं उलटली. त्या दिवसाच्या बाकी सगळ्या फोटोंत विमानांमागचा नुसता धूर. विमानं मिळाली आहेत ती फक्त तिच्या हाताशेजारी.