दवाखान्यात नेलं तरच आजारी?

दोस्तहो, डोकं फिरलंय आज. जिच्यासाठी कॉलेज सोडल्यावरही नांदेडच्या चकरा मारतो, तीच आरोग्याच्या सर्व्हेसाठी आमच्या इस्लापूरकडच्या वाडीत आली होती. मीच तिला घरोघर फिरवत होतो.

शेजारच्या काकूंना तिनं विचारलं, "महिन्याभरात घरी कोणी आजारी होतं का?"

"न्हाई माय, समदे बरे हायेत."

आत काका तापानं फणफणलेले! मी म्हटलं, "काकू, मग आत कोण कण्हून राहिलंय?"

"अरे, दवाखान्यात कुठं नेलंय त्यांना? नेलं की मग आजारी."

तिनं 'नाही'वर खूण केली. म्हणे, लोक सांगतील तेच लिहायचं.

लई भांडलो. तिला तिथंच सोडून काकांना गाडीवर किनवटच्या दवाखान्यात नेलं. आता ती फोन उचलत न्हाई.

पण तुम्हीच सांगा, कागदावर आमची वाडी ठणठणीत असेल, तर इथं डॉक्टर कशाला धाडतील?